न धरलेला महिना

१२ नोव्हेंबर १९४२, गुरुवार

कर्जतहून आत्ताच परत आलो. बैलगाडीनं जाताना साडेतीन तास, येताना चार. ओढ्याच्या उतारावर सूनबाईला, यमूला, खाली उतरवून चालवली. धक्के फार. यमूचे पाय सुजलेत म्हणून नेली, नाहीतर आमची ही नेऊच देत नव्हती. म्हणे आपल्यात कोण गेलं होतं दवाखान्यात?

दवाखान्यात दर गुरुवारी कल्याणहून डॉक्टरीणबाई येतात. वयानं लहान, चष्मा, बोलणं तुटक. लाकडी नळी यमूच्या पोटावर लावून बराच वेळ ऐकलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "बाबा, मूल उलटं आहे. डोकं वर, पाय खाली."

 हिनं तिथंच हात जोडले. "पायाळू! आज्याचा गुण आला गं बाय!"

 बाईंनी मला विचारलं, महिना कितवा. मी वही नेली होती. रामनवमीला यमू बाहेर बसली होती, सुंठवड्याला हात लावता आला नाही, ते वहीत आहे. तिथून धरून येत्या मंगळवारी कार्तिक नवमीला सात पुरे, आठवा लागेल. बाई म्हणाल्या, "पोट जास्त दिवसांचं वाटतं. हिशेब नीट आहे ना?"

म्हटलं, एकतीस वर्षं ठाकुरवाडीला रेल्वेचे सांधे सांभाळले. घड्याळ आणि वही, यांत माझी चूक नाही.

मग त्या म्हणाल्या, घाई नाही. पुष्कळदा आपोआप फिरतं. नववा लागला की लगेच आणा. तेव्हाही उलटंच असलं तर बाहेरून पोटावर हात लावून फिरवून बघू. पण नववा अर्धा सरला की आत जागा उरत नाही. मग कठीण.

म्हणजे मार्गशीर्ष नवमी. १६ डिसेंबर. दुसऱ्या दिवशी गुरुवारच आहे. वहीत खूण केली.

१४ नोव्हेंबर

सगळ्या गावाला कळलं. हिनंच सांगितलं. बाया ओटी भरायला आल्यासारख्या येतात, यमूच्या पोटाला हात लावतात. कोणी पोहे, कोणी नारळ. यमू लाजते. तिला बरं वाटतं आहे. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असून आमच्याकडे. इथं तिचं कोणी कौतुक केलं तर मी का मोडता घालू.

दुपारी वाण्याचा भाऊ पाठ धरून आला. पालथा निजला. मी नेहमीप्रमाणे पायाळूचा डावा पाय तीनदा लावला. उठून म्हणाला, "तात्या, हलकं झालं. आता तुमच्या घरात दोन दोन पाय. आमची चंगळ!"

हसलो. जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

आईबद्दल लिहावं की

नको.

१९ नोव्हेंबर

आठवा लागून दोन दिवस झाले. सूज उतरत नाही. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडतो, बराच वेळ भरत नाही. म्हटलं, आज गुरुवार आहे, जाऊन दाखवून आणतो.

ही दारात आडवी. "आठव्यात पोरीला गाडीत घालता? ओढा वलांडून? काय झालं तर बायका माझ्या तोंडात शेण घालतील."

"डॉक्टरीण आहे तिथं."

"तिनं नवव्यात बोलावलंय ना? मग नवव्यात जाऊ."

खरं आहे. नवव्यातच बोलावलं आहे. बैल परत दावणीला बांधले.

२३ नोव्हेंबर

ठकूआक्का सुईण पोट चोळायला आली. सत्तरीची असेल, हात अजून खणखणीत. ओटीवर बसून पान लावत म्हणाली, "काळजी करू नका तात्या. पायाळू मी दोन काढलेत."

विचारलं, "त्यांच्या आयांचं काय झालं?"

पानाला चुना लावीत राहिली. मग म्हणाली, "एक हाय की. चौकला दिली होती ती. चांगली धडधाकट हाय."

दुसरीचं मी विचारलं नाही. 

२९ नोव्हेंबर, रविवार

मुलगा गणू आला. तोही आता ठाकुरवाडीलाच सांध्यावर आहे, माझ्याच जागी. दर दहा दिवसांनी सुटी. सांगत होता, मिलिटरीच्या गाड्या एकामागून एक, साध्या गाड्या तासतास बाजूला उभ्या.

यमूला मूठभर करवंदाचं लोणचं आणलं होतं कुठून तरी. दोघं मागच्या दारी बसून खात होती. मी पाणी घ्यायला गेलो तर हसणं थांबलं.

नंतर माझ्याजवळ आला. "तात्या, उलटं म्हंजे भ्यायचं असतं का वो? आई तर नाचतीय."

म्हटलं, "डॉक्टरीण नवव्यात फिरवणार आहे."

"आई म्हणते फिरवू द्यायचं नाय."

हे मला नवीन. मला वाटलं होतं प्रवासापुरतंच भांडण आहे. हिला विचारलं तर म्हणाली, "देवानं पायाळू दिलंय ते फिरवायचं? लक्ष्मी दारात आली, तिला मागच्या वाटेनं घालवायची? तुमी स्वतः पायाळू, तुमचं काय वाईट झालं?"

गणू माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तुमी सांगाल तसं, तात्या."

 मी बैलाला पाणी दाखवायला गेलो. बैल पाणी आधीच प्यायला होता.

२ डिसेंबर

भाकरी थापता थापता यमूनं विचारलं, "मामंजी, तुमची आई कशानं गेली?"

म्हटलं, "तापानं. मी बारा दिवसांचा होतो."

"मग तुम्हाला आठवत नसंल."

"नाही."

चुलीतला धूर डोळ्यांत गेला म्हणून उठलो. खोटं बोललो. लिहून ठेवतो, खोटं बोललो.

५ डिसेंबर, शनिवार

 

गाय कधी फळली ते बघायला सकाळी वही मागे चाळत होतो. वैशाख संपल्यानंतरच्या पानावर माझंच अक्षर: "गणू सासुरवाडीला मावळात. धोंडे जेवायला. जावयाला पहिलाच धोंड्याचा महिना, चुलतसासूनं थाट केला म्हणे."

धोंड्याचा महिना. अधिक ज्येष्ठ. यंदा ज्येष्ठ दोन झाले.

मी एक धरला.

बोटांवर चार वेळा मोजलं. कोळशानं भिंतीवर मोजलं. चैत्र, वैशाख, आणि मग सरळ निज ज्येष्ठ. मधला अख्खा महिना नाही. अधिकात मुहूर्त नाही, लग्न नाही, कशाची सुरुवात नाही. त्या महिन्याला मोजायचंच नाही ही सवय. हातानं आपोआप सोडला.

म्हणजे कर्जतला गेलो तेव्हा आठ पुरे व्हायला पाच दिवस होते. मी बाईंना सात सांगितले. बाई म्हणाल्या पोट जास्त दिवसांचं वाटतं, आणि मी त्यांना एकतीस वर्षांची नोकरी ऐकवली.

नववा १७ नोव्हेंबरलाच लागला. आज त्याचे अठरा-एकोणीस दिवस झाले. अर्धा सरला.

तीन गुरुवार घरात बसून घालवले. पुढचा गुरुवार दहा तारखेला.

६ डिसेंबर

हिला सांगितलं. ऐकेना.

"मलमास देव धरत नाय, तुमी धरता?"

"देव धरत नसेल. पोटातलं पोर तीस दिवस वाढलं ना?"

"त्यात काय वाढतं का कुठं? दुसऱ्याही बाया बाळंत होतात, कोण धरतं?"

"गाय बघ. तिला पंचांग कळतं? ती आपल्या दिवसांवर विणार."

"सुनेची गायीशी बरोबरी करता? म्हातारपणी बुद्धी फिरली!"

यमू आत फिस्सकन हसली. मग कण्हली. कूस बदलताना तिला दम लागतो.

हिनं एवढं मान्य केलं की नववा असेल तर प्रवासाला हरकत नाही. दाखवायला नेऊ. पण फिरवू देणार नाही. "हात लावला त्या बाईनं तर मी गाडीपुढं आडवी पडंन."

ठाकुरवाडीला घाट उतरणाऱ्या गाडीचा रस्ता आधी कधीच मोकळा ठेवत नसत. रूळ बदलायचा सांधा नेहमी चढाच्या बंद फाट्याला लावलेला. गाडी हाताबाहेर गेली असेल तर फाट्यावर चढून थांबेल. ड्रायव्हरनं वेग आवरला, शिट्टी दिली, की मगच मी सांधा ओढून मोठा रस्ता द्यायचा. म्हणजे काही केलं नाही तरी गाडी वाचे. इथं उलट आहे. काही केलं नाही तर

सांगायला हवं.

८ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं.

यमू शेजाऱ्यांकडे डाळ भरडायला गेली होती. तेवढ्यात. ही तांदूळ निवडत होती. हल्ली मिळतात त्या तांदळात खडेच जास्त. मी समोर बसलो. म्हटलं, माझी आई तापानं गेली नाही.

आत्यानं स्वतः मरायच्या आधी मला सांगितलं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा. माझे पाय आधी आले, मग अंग आलं, डोकं अडलं. आईचे दोन दिवस हाल झाले. शेवटी मला ओढून काढला. ती गेली, मी रडलो, दोन्ही एकाच वेळी. गाव मला पांढऱ्या पायाचा म्हणेल म्हणून आत्यानं मला उचलला आणि या गावी आणला. इथं सांगितलं बाराव्या दिवशीचा ताप. मग इथं मी पायाळू झालो. लोक पाठी घेऊन यायला लागले. मान मिळाला. मी कशाला सांगू.

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. हिला आज सांगितलं.

हिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. म्हणाली, "आन् तोच पाय तुमी गावाला लावत फिरलात."

हिनं सूप खाली ठेवलं.

"माझ्या बाळंतपणात? गणूच्या वेळंला तुमी तीन दिवस घरात पाय ठेवला नव्हता. मला वाटलं नोकरी."

नोकरी नव्हती. ठाकुरवाडीच्या बोगद्याच्या तोंडाशी बसलो होतो.

ही उठली. फडताळातून जुनं लुगडं काढलं, फाडून घड्या घातल्या, गाठोडं बांधलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बैलांना वैरण बघा. उद्या दुपारीच निघू. दहिवलीला मथीकडं मुक्काम करू, म्हंजे गुरुवारी सकाळी पयला नंबर."

मथुरा हिची धाकटी बहीण. दहिवलीहून कर्जतचा दवाखाना पायी वाटेवर.

१० डिसेंबर, गुरुवार. दहिवली

आठवेल तसं लिहितो.

बाईंना हिशेब सांगितला. माझी चूक म्हटलं. वाटलं रागावतील. नळी कानाला लावून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला महिना सांगू नका. तारीख सांगा." तपासून म्हणाल्या, अजून उलटंच. जागा थोडी आहे. प्रयत्न करते. जमेल असं नाही.

ही म्हणाली, "करा."

एवढंच. गाडीपुढं आडवी पडणारी बाई.

मी बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ. आतलं हिनं नंतर सांगितलं. खाटेचे पायाकडचे खूर विटांवर चढवले, यमूचं डोकं खाली. पोटाला पावडर लावली. एक हात वर डोक्याला, एक खाली, आणि हळूहळू ढकलत नेलं, कणीक फिरवावी तसं. यमूनं हिचा दंड धरला होता, वळ उठलेत. अर्ध्यात बाईंनी हात काढले. ठोके मंद झाले म्हणाल्या. नळी लावून बसल्या. आतून काही आवाज येईना तेव्हा मी पिंपावरचं झाकण काढलं, घातलं, काढलं. आतून यमूचा एक बारीक आवाज आला. परत शांत.

मग बाई बाहेर आल्या. कपाळावर घाम. "फिरलं."

मी पिंपाचं झाकण परत घातलं. मोठ्यानं काही बोललो म्हणे, काय ते आठवत नाही.

पोटाच्या दोन्ही बाजूंना घड्यांच्या उश्या लावून पट्टा बांधला आहे. हिनं फाडलेलं लुगडं कामी आलं. पण बाई म्हणाल्या, परत उलटू शकतं. गावी न्यायचं नाही, दहिवलीतच राहा. नर्स रोज बघेल. मी पुढच्या गुरुवारी येते. उलटंच राहून कळा लागल्या तर नर्सला एकटीला जमणार नाही, मला इथं असायला हवं.

सात दिवस.

१२ डिसेंबर

मथुरेच्या शेजारचा एक गडी आला, कंबर धरून. "पायाळू तात्या आलेत म्हणं." ओसरीवर पालथा पडलासुद्धा.

म्हटलं, उठा. आता लावत नाही.

"का वो?"

"पाय दुखतो."

तो कुरकुरत गेला. मथुरा म्हणाली, "भावजी, पुण्याचं काम हो, नाय म्हणू नये." ही चुलीजवळ होती. हिनं माझ्या ताटात आज भाकरी गरम वाढली.

१३ डिसेंबर

यमू बरी. वरच्या बाजूला, बरगडीखाली लाथ लागते. पाय वर, म्हणजे डोकं खाली. नर्सबाईनं ऐकलं, बेंबीच्या खाली ठोके. म्हणाली, छान. असंच राहू दे.

यमू पोटाशी बोलते. "गप बस रं तिथंच. हलू नको." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१५ डिसेंबर

रात्रभर पोट फार हललं म्हणते. पट्टा सैल झाला होता. आता लाथ खाली लागते की वर, तिलाच सांगता येत नाही. "सगळीकडंच लागतंय, मामंजी."

नर्सबाईनं दोनदा नळी लावली. एकदा बेंबीच्या खाली, एकदा बेंबीच्या वर. "गुरुवारी बाई बघतील."

परवा गुरुवार.

१६ डिसेंबर

मार्गशीर्ष नवमी. माझ्या वहीत इथं खूण आहे: "नववा लागला. उद्या कर्जत." ती खूण बघवत नाही. खोडली नाही. तशीच राहू दे.

गणूला निरोप पाठवला होता. संध्याकाळी घाटातून उतरला.

१७ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पावणेनऊला यमूच्या कंबरेत कळ. मला वाटलं नेहमीची. सव्वानऊला परत. दवाखान्यात हलवली. मथुरा आणि मी मागून.

बाईंची गाडी साडेनऊची. आली नाही. गणूला स्टेशनात पाठवला. परत येऊन म्हणाला, पुढं मिलिटरीच्या स्पेशल सोडतायत, साधी गाडी कल्याणच्या अलीकडं कुठं तरी उभी. कधी सुटेल कोणाला ठाऊक नाही. त्याला परत तिथंच बसवला. बाई उतरल्या की धरून आण.

१२.३०. कळा अर्ध्या तासानं.

२.००. नर्सबाई बाहेर आली. म्हणाली, पाण्याची पिशवी फुटली नाही, फुटेपर्यंत थोडा वेळ आहे. मी विचारलं, खाली काय आहे? म्हणाली, हाताला अजून नीट लागत नाही. गोल वाटतं. पण बूडही गोलच लागतं.

मला म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे घड्याळ आहे. दारापाशी बसा. कळेला मी 'आली' म्हटलं की वेळ लिहा. मला दोन्ही जमत नाही." रेल्वेचं जुनं घड्याळ, रोज किल्ली देतो. वही मांडीवर.

२.१०
२.२८
२.४१. ही मोठी होती. यमू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

३.००. मथुरा तांब्या आणि परात घेऊन आली. "भावजी, पाय द्या. पायाळूचा अंगठा धुऊन पाणी पाजलं की वाट मोकळी होते. माझ्या जावंला दिलं होतं." परात माझ्यापुढं ठेवली.

मी पायाकडे बघत राहिलो. खरं सांगतो, तो पुढं सरकला होता. दुसरं माझ्याकडे काय आहे?

तेवढ्यात आतून ही आली. पदर खोचलेला, दंडावर वळ अजून निळे. परात उचलून बाजूला ठेवली. "मथे, त्यांचा पाय नको. त्यांना घड्याळ बघू दे." मग मला, हलक्या आवाजात, "वेळ सोडू नका वो. एकबी सोडू नका."

३.०४
३.१५
३.२४
३.३२. एकही सोडलेली नाही.

३.४०. आतून नर्सबाई म्हणाली, "पाणी गेलं." मग म्हणाली, "सगळे गप्प राहा, मला हाताला लागू दे."

सगळे गप्प आहेत. कल्याणकडून शिट्टी. लांब आहे. मिलिटरीची गाडी असेल तर डबे जड, रुळांवर ठोका दबून येतो. उतारूंची असेल तर हलका, सुटा. वारा उलटा आहे, अजून कळत नाही. एक कान तिकडे, एक आत.

३.४६. आली.